गुरगुरणे ही नोटीस आहे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो कशावर बोलणार, हे श्रोत्यांनी आधीच ताडलेले असते. बोनस, महागाई भत्ता, किमान वेतन. आणि वेळ उरलाच तर गिरण्यांच्या संपाचा इतिहास. त्यामुळे चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘कुत्र्याला वळण कसे लावावे’ असे सांगितले, तेव्हा ते थोडे घोटाळ्यात पडले. त्यांतील एकाने भीत भीत विचारले, “हे रूपक आहे का?” मी म्हटले, रूपक मुळीच नाही. आपल्या अंगणात बांधलेला, आपल्या बोळात झोपलेला, रात्री-अपरात्री भुंकून आपली झोप मोडणारा जो खराखुरा कुत्रा, त्याच्याविषयीच मला बोलायचे आहे.

माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पंधराव्या वर्षी इचलकरंजीत कांड्या भरायला लागलो, पुढे मागावर उभा राहिलो, आणि नंतरची तीस वर्षे संघटनेच्या कामात गेली. वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. मी प्राण्यांचा डॉक्टरही नाही. माझा अधिकार एवढाच की, मी एका कुत्र्याचा अपराधी आहे. ती हकिगत आधी सांगतो. मग पुस्तकांतून जे शिकलो ते सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीत एक कुत्रा येऊन राहिला होता. त्याला कोणी आणला नव्हता. संपाच्या दिवसांत मंडपात भात शिजायचा, त्या वासाने तो आला आणि संप मिटला तरी गेला नाही. काळा रंग, छातीवर पांढरा ठिपका. पोरांनी त्याचे नाव खंड्या ठेवले. रात्री तो कचेरीची राखण करी आणि सभा चालू असली की दारातल्या चपलांच्या ढिगापाशी पाय पसरून पडून राही. त्याच्यात खोड म्हणावी अशी एकच होती. जेवताना कोणी जवळ गेले की तो गुरगुरे. डोक्याच्या डाव्या बाजूला हात लावला तरी गुरगुरे.

कचेरीत बायामाणसे येत, लहान मुले येत. गुरगुरणारा कुत्रा ठेवून कसे चालेल? मी त्याला वळण लावायचे ठरवले. वळण म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. माझ्या लहानपणी मलाही तसेच लावले गेले होते. कोपऱ्यात मोर्च्याच्या झेंड्यांच्या काठ्या उभ्या असत. त्यांतली एक मी घेतली. खंड्या गुरगुरला की पाठीत एक. पुन्हा गुरगुरला की पुन्हा एक. तीन आठवड्यांत त्याचे गुरगुरणे साफ बंद झाले. मी चार लोकांत फुशारकीने सांगितलेही, “बघा, कसा सुतासारखा सरळ केला!”

मंडळी, त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर मी जे भाषण केले, ते मला अजून आठवते. कामगाराने तक्रार केली की मालक त्याला कामावरून काढतो, हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, असे मी घसा फोडून सांगत होतो. हातात तीच काठी होती. फक्त तिला झेंडा लावलेला होता.

पुढे दिवाळी आली. बोनसचे वाटप चालले होते आणि कचेरी माणसांनी भरली होती. एका सभासदाची पाच-सहा वर्षांची मुलगी बापाचे बोट सोडून मागच्या पडवीत गेली. खंड्या तेथे भाकरी खात होता. तिने मायेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने आवाज केला नाही. एकदम वळला आणि तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला.

टाके पडले, इंजेक्शने झाली, मुलगी बरी झाली. व्रण राहिला. दुसऱ्या दिवशी तिचा बाप कचेरीत आला. तो शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. तो नुसता उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, पूर्वी तो गुरगुरत तरी होता.”

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. मला फक्त कुत्र्याचा संताप आला होता. खंड्याला मी एका टेंपोत घातला, पंचगंगेचा पूल ओलांडून बराच दूर नेला आणि सोडून आलो. टेंपो वळला तेव्हा तो काही अंतर मागे धावत आला. हे काम मी कोणाला सांगितले नाही, मीच केले. म्हणून ते मीच सांगतो आहे.

या गोष्टीला दहा-बारा वर्षे लोटली. एका सभासदाची म्हैस आजारी पडली, तेव्हा पशुवैद्यक डॉक्टरबाईंशी ओळख झाली. बोलता बोलता मी खंड्याचा विषय काढला. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “त्याचा डावा कान कोणी उघडून पाहिला होता का? दात पाहिले होते का?” कोणीही पाहिले नव्हते. कानात पू झाला असेल, दाढ किडली असेल, तर तेथे हात लागताच जनावर गुरगुरणारच. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर प्रथम दुखणे शोधावे, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला धडा. मग त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही त्याचा राग काढला नाहीत. राग होता तेथेच राहिला. तुम्ही फक्त त्याची सूचना देण्याची सवय काढलीत.”

आज मला जे सांगायचे आहे, ते सारे एवढ्यात आले. गुरगुरणे हा कुत्र्याचा गुन्हा नव्हे. ती त्याची नोटीस आहे.

आम्ही संघटनेची माणसे एकदम संपावर जात नाही. आधी अर्ज करतो, मग शिष्टमंडळ नेतो, मग नोटीस देतो. त्यानंतर एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि अगदी शेवटी बेमुदत संप. कुत्र्याच्याही अशाच पायऱ्या आहेत आणि ज्यांनी त्यांचे निरीक्षण केले त्यांनी त्या नोंदून ठेवल्या आहेत. प्रथम तो तोंड फिरवतो. झोप आली नसता जांभई देतो. समोर खायला काही नसता जिभेने नाक-ओठ चाटतो. मान न वळवता डोळे तिरके करतो, तेव्हा बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. मग अंग ताठ करतो. खात असला तर घास तोंडात धरून क्षणभर थांबतो. हे सगळे अर्ज आणि विनंत्या आहेत. आपण ते वाचत नाही, कारण आपल्याला ती लिपी येत नाही. मग तो गुरगुरतो. मग हवेत दात मारतो. तेथे आपल्याला वाटते की त्याचा नेम चुकला, पण नेम चुकत नसतो, त्याने तो मुद्दाम चुकवलेला असतो. एवढ्यावरही कोणी ऐकले नाही तर तो चावतो. नोटीस देणाऱ्याला झोडपले की नोटिसा बंद पडतात. तंटा बंद पडत नाही.

येथे एक खुलासा करतो. कामगाराची तुलना मी कुत्र्याशी करतो आहे, असे कोणी समजू नये. कामगार माणूस आहे. तो बोलतो, संघटना करतो, मत देतो, कोर्टात जातो. कुत्र्याला यातले काहीच करता येत नाही. पण ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याची बाजू समजून घेण्याची जबाबदारी ताकद असलेल्यावर अधिक पडते, हे मी चळवळीत शिकलो, आणि तेच मी खंड्याच्या बाबतीत विसरलो होतो.

आता प्रश्न असा की, कुत्र्याला दाबातच ठेवले पाहिजे ही समजूत आली कोठून? पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणाचे एक प्रसिद्ध पुस्तक जर्मनीत कोनराड मोस्ट या अधिकाऱ्याने 1910 साली लिहिले. सक्ती हा त्या पद्धतीचा कणा होता. पुढे दोन महायुद्धे झाली, लष्करी शिस्त घराघरांत शिरली आणि गळ्यातला पट्टा हिसकणे म्हणजेच शिक्षण, असे लोक मानू लागले. त्याला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने 1947 साली, बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून निबंध लिहिला. ते लांडगे वरचढपणासाठी आपसांत झगडत. त्यावरून लोकांनी सिद्धान्त बसवला: कळपात एक सरदार असतो आणि बाकीचे त्याच्या धाकात असतात, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून घरात तुम्ही सरदार व्हा, नाहीतर कुत्रा होईल.

आता विचार करा. गिरणगावात एकेका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. माझे वडील तसे राहिले आहेत. कोण रत्नागिरीचा, कोण साताऱ्याचा; अंथरूण एकाचे आणि पाठ दुसऱ्याची. तेथे पाण्यावरून, जागेवरून भांडणे होत. ती भांडणे पाहून कोणी लिहिले असते की, हा माणूस स्वभावतःच भांडखोर आहे आणि दंडुक्याशिवाय त्याला दुसरी भाषा कळत नाही, तर आपण काय म्हटले असते? आपण म्हटले असते, बाबा, त्याला त्याच्या गावी, त्याच्या घरी जाऊन बघ. लांडग्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. अमेरिकेचे डेव्हिड मेक यांनी 1970 साली लांडग्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरदारकीची ही कल्पना होती. पुढे 1986 पासून ते कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले. त्यांना दिसले ते असे की, रानातला कळप म्हणजे एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्ले. तेथे सरदारकीची मारामारी नव्हती, आईबापांनी पोरांना सांभाळणे होते. 1999 साली त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले आणि आपला जुना ग्रंथ पुन्हा छापू नये, असा प्रकाशकाकडे आग्रह धरला. आपली चूक आपणच छापून सांगणारा माणूस मला मोठा वाटतो. पुढाऱ्यांतही असे फार थोडे असतात.

कोणी म्हणेल, सिद्धान्त खोटा असेल, पण मारल्याने काम तर होते ना? खंड्या गप्प झालाच की! होय, झाला. पण गप्प होणे दोन प्रकारचे असते. अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचताना मला सुखाचे वाटले नाही. आज तसा प्रयोग कोणी करू नये असेच मी म्हणेन. पण तो झाला आहे, आणि त्याने जे दाखवले ते विसरून चालणार नाही. काही कुत्र्यांना बांधून विजेचे झटके दिले. काहीही केले तरी ते झटके चुकवता येत नव्हते. मग त्यांना अशा पेटीत सोडले की, मधली बुटकी आडभिंत ओलांडली की झटक्यातून सुटका. ज्यांनी आधी असे झटके सोसले नव्हते, ते कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. ज्यांनी सोसले होते, त्यांतले बरेचसे उडी मारण्याचा प्रयत्नच करीनात. ते खाली पडून कण्हत राहिले. आपण काहीही केले तरी काही बदलत नाही, एवढेच ते शिकले होते.

हा उतारा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील साच्यावर होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि हजारो माणसे कायमची घरी बसली. वडील आम्हाला घेऊन गावी आले. गिरणीत असताना ते बोलके होते, फटकळ होते. गावी आल्यावर त्यांनी कशाचीच तक्रार केली नाही. जेवणात मीठ नसले तरी बोलत नसत. शेजारी म्हणत, “तुझे वडील किती शांत झाले!” ती शांती नव्हती. धाकाने गप्प केलेल्या कुत्र्याला लोक ‘शहाणा झाला’ म्हणतात, तेव्हा मला वडिलांचा चेहरा आठवतो.

माराने दुसरेही एक होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात वागणुकीच्या तक्रारीवरून कुत्रे घेऊन येणाऱ्या मालकांकडून माहिती घेऊन 2009 साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकी 43 टक्के मालकांचा अनुभव असा की, कुत्रा उलट अंगावर आला. पोर्तुगालमध्ये 2020 साली 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. काही बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शाळांतले, काही धाकदपटशाचा वापर करणाऱ्या शाळांतले. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत कुत्रे अधिक धापा टाकत, अधिक जांभया देत, ओठ चाटत. त्यांच्या लाळेत ताणाचा अंशही शिकवणीनंतर वाढलेला आढळला. त्या अभ्यासातली एक साधी परीक्षा मला फार बोलकी वाटली. एका बाजूच्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूचा नेहमी रिकामा. हे कुत्र्याला पक्के कळले की वाडगा मध्येच कोठेतरी ठेवायचा आणि तो किती उत्सुकतेने धावतो ते मोजायचे. धाकात फार वाढलेले कुत्रे त्या वाडग्याकडे रेंगाळत गेले. त्यांनी आशाच कमी धरली होती.

मग करावे काय? कुत्र्याला मोकाट सोडावे? मुळीच नाही. घराला शिस्त लागते आणि कुत्र्यालाही ती हवी असते. प्रश्न शिस्त शिकवण्याच्या रीतीचा आहे. पाव्हलॉव्ह यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. 1904 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. खाणे येण्याची खूण पटली की अन्न समोर येण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे खुणेला भावना चिकटते. ताट घेऊन येणाऱ्या पावलांच्या आवाजाला आनंद चिकटतो, तशी काठीला भीती चिकटते. आणि काठी ज्याच्या हातात त्यालाही चिकटते. पुढे अमेरिकेत स्किनर यांनी दुसरी गोष्ट मांडली: ज्या कृतीपाठोपाठ लाभ होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्याने 1947 साली या तत्त्वावर धंदाच काढला आणि कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत नाना प्राण्यांना मारझोड न करता शिकवून दाखवले.

येथे आमचे जुने सभासद मला अडवतात. म्हणतात, “म्हणजे कुत्र्याला लाच द्यायची?” नाही. लाच आणि मजुरी यांतला फरक कामगाराने तरी ओळखावा. लाच कामाआधी दाखवतात. मजुरी काम झाल्यावर देतात. तुकडा नाकासमोर नाचवून “ये, ये” म्हणणे ही लाच. कुत्रा बोलावल्यावर आला आणि मग तुकडा दिला, ही मजुरी. आणि मजुरी घाम वाळण्यापूर्वी मिळाली पाहिजे. कुत्र्याच्या बाबतीत तर क्षणादोनक्षणांत. पाच मिनिटांनी दिली तर ती कशाबद्दल मिळाली हे त्याला कळत नाही. याच कारणाने घरी परतल्यावर सकाळच्या घाणीबद्दल त्याला मारणे व्यर्थ आहे. तो कान पाडतो ते अपराध कबूल म्हणून नव्हे. तुमचा चेहरा पाहून पाडतो.

आज आमच्या कचेरीत तांबडी नावाची कुत्री आहे. रस्त्यावरची, अर्धपोटी राहिलेली. आली तेव्हा तीही थाळीवर कोणाला येऊ देत नसे. या वेळी मी काठीकडे गेलो नाही. प्रथम डॉक्टरबाईंकडून तिचे कान-दात तपासून घेतले, जंताचे औषध दिले. मग ती जेवायला बसली की दहा पावलांवरून जायचे, उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा तिच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघून जायचे. गुरगुरली तर रागवायचे नाही. आपण फार जवळ आलो, एवढे समजून दुसऱ्या दिवशी दोन पावले लांबून जायचे. थाळीत हात घालायचा नाही, थाळी ओढायची नाही. आठ दिवसांनी नऊ पावले, मग आठ. घाई केली नाही. दोन महिने लागले. आता कोणी थाळीजवळून गेले की ती मान वर करते आणि शेपटी हलवते. कारण जवळ येणारा माणूस तिचे काही नेत नाही, आणून देतो. तिची नोटीस मी फाडली नाही. तिची मागणी समजून घेतली. मागणी एवढीच होती: माझी भाकरी माझी राहू द्या. ही मागणी माझ्या ओळखीची होती. आयुष्यभर मी तीच मांडत आलो आहे.

तरीही मुलांना तिच्या थाळीजवळ आम्ही एकटे सोडत नाही. विश्वास वेगळा आणि निष्काळजीपणा वेगळा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न असेल. तो खरा आहे. पोर चावले जाते तेव्हा दयेवरची व्याख्याने आईला ऐकवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मारून हा प्रश्न सुटत नाही, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले. 1832 च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या हुकमाने कुत्री मारणे चालले असता पारशी लोक चिडून उठले, इतरही त्यांना मिळाले, दुकाने बंद पडली आणि कोटातल्या गोऱ्यांची रसद तुटली. मुंबईच्या पहिल्या हरताळांपैकी एक हरताळ कुत्र्यांसाठी झाला, हे माझ्यासारख्याला मौजेचे वाटते. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग 2001 च्या आणि नंतर 2023 च्या नियमांनी घालून दिला आहे. तो कागदावरून रस्त्यावर यावा म्हणून नगरपालिकेच्या दारात बसणे, हे दगड मारण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आणि मुलांना चार गोष्टी शिकवा. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. झाडासारखे स्थिर उभे राहावे, हात अंगाशी, नजर खाली. गुरगुरला तर हळूहळू मागे सरावे. त्याने सांगितले आहे, आपण ऐकावे. आणि चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. हळद-तिखट भरत बसू नये.

आपल्याकडे म्हण आहे की, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. तीस वर्षे मी ही म्हण मालकांच्या तोंडून कामगारांविषयी ऐकली आणि काही वेळा मीही कुत्र्यांविषयी वापरली. आता वाटते, शेपूट वाकडे असणे हा शेपटाचा दोष नाही. ते सरळ करण्यासाठी नळी शोधत बसलो, हा आपला दोष आहे. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण हात जोडतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. बाहेर आल्यावर दारातल्या जिवंत कुत्र्याचे एवढेच करा: तो गुरगुरला तर हात उचलण्यापूर्वी त्याला काय दुखते आहे, हे एकदा विचारा.

ती मुलगी आता संसाराला लागली आहे. मागे एका लग्नात भेटली. हातावरचा व्रण पाहून माझी मान खाली गेली. तीच म्हणाली, “काका, तो खंड्या पुढे कुठे गेला हो?” मी तिला खरे सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बिचारा.” जिला तो चावला तिने त्याला क्षमा केली होती. मला मात्र ती मागायला कोणीच उरले नाही. म्हणून ती मी येथे, आपणा सर्वांसमोर मागितली.